जुन्या इंग्रजी शब्दांचा अर्थ लावायचा कसा?

इंग्रज वखारींची पत्रे, मुंबई इलाख्याची गॅझेटिअर, शेक्सपिअरची नाटके, १६११ चे इंग्रजी बायबल किंवा एखाद्या जुन्या चर्चमधली स्मृतिशिळा वाचायला घेतली की दहा ओळींत दोन-तीन शब्द अडतातच. ‘सेनाइट’, ‘इक्लेप्ट’, ‘रेलिक्ट’ असले शब्द समोर आले की आपण मुकाट्याने कोश उघडतो, त्यामुळे त्यांचा त्रास फार तर पाच मिनिटांचा. खरी फसगत करतात ते ‘लेट’, ‘मीट’, ‘डिस्कव्हर’, ‘प्रेझेंटली’ असे रोजचे शब्द. ते ओळखीचे वाटतात, म्हणून कोश उघडलाच जात नाही आणि भलताच अर्थ घेऊन आपण पुढे जातो. म्हणून सुरुवातीलाच एक सवय लावून घ्या: वाक्य जरा जरी विचित्र लागले, तर त्यातल्या सर्वांत सोप्या शब्दावर आधी संशय घ्यायचा.

शोधताना नाव बरोबर घ्या

इंटरनेटवर ‘ओल्ड इंग्लिश’ असे शोधले तर हाती लागते ती साधारण इ.स. ११०० च्या आधीची भाषा. ती आजच्या इंग्रजी जाणणाऱ्यालाही परकीच. स्वतंत्र शिकावी लागते. त्यानंतर १५०० च्या आसपासपर्यंतची ‘मिडल इंग्लिश’, आणि १५०० ते १७०० ची ‘अर्ली मॉडर्न इंग्लिश’. शेक्सपिअर, १६११ चे बायबल, सुरत-राजापूरच्या वखारींचा पत्रव्यवहार हे सगळे या तिसऱ्या गटात येते. म्हणजे तुम्हाला हवी आहे ती बहुतेक वेळा ‘अर्ली मॉडर्न’, आणि शब्दाबद्दल शोधताना ‘आर्केइक मीनिंग’ असे जोडले की नेमके पान लवकर मिळते.

पायरी पहिली: मजकूर कधीचा ते ठरवा

कोश उघडण्याआधी मजकुराचे साल काढा. पुस्तक छापल्याचे नव्हे, मजकूर लिहिल्याचे. १९३१ साली छापलेल्या कागदपत्रांच्या संग्रहात १६६० चे पत्र असते, आणि त्यातल्या शब्दाला १६६० चाच अर्थ लावायचा असतो.

इथेच तारखेचा एक सापळा आहे. इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. म्हणजे १ जानेवारी ते २४ मार्च हे दिवस आदल्या सालातच मोजले जात. शिवाजी महाराजांची सुरतेवरची पहिली स्वारी जानेवारी १६६४ मधली, पण त्या काळच्या इंग्रजी हिशेबाने तो जानेवारी १६६३ मध्ये पडतो. काळजीपूर्वक छापलेल्या संग्रहात ही तारीख १६६३/४ अशी दुहेरी दिसते. बेफिकीर संग्रहात नुसते १६६३ असते आणि वाचणारा वर्षभर चुकतो. शिवाय इंग्रज १७५२ पर्यंत ज्युलियन पंचांगच चालवत होते, तर पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच ग्रेगोरियन स्वीकारले होते. त्यामुळे सतराव्या शतकात एकाच दिवशी लिहिलेल्या दोन पत्रांपैकी गोव्याच्या पोर्तुगीज पत्रावरची तारीख इंग्रजी पत्रावरच्या तारखेच्या १० दिवस पुढे असते.

तारखेसोबत येणारे तीन शब्द पाठच करून टाका. ‘इन्स्टंट’ म्हणजे चालू महिना, ‘अल्टिमो’ म्हणजे मागचा आणि ‘प्रॉक्सिमो’ म्हणजे पुढचा. ‘युअर लेटर ऑफ द टेन्थ अल्टिमो’ असे २ मार्चच्या पत्रात आले, तर ते १० फेब्रुवारीचे पत्र.

पायरी दुसरी: अक्षर नीट ओळखा

शब्द कोशात सापडत नाही, याचे निम्म्या वेळा कारण एवढेच असते की आपण तो चुकीचा वाचलेला असतो. साधारण १८०० च्या आधीच्या छपाईत ‘एस’ दोन प्रकारचे असतात. शब्दाच्या शेवटी आजचा, आणि सुरुवातीला किंवा मध्ये लांब, उभा, हुबेहूब ‘एफ’सारखा दिसणारा. फरक ओळखायची खूण आडव्या रेघेत आहे. ‘एफ’ची रेघ दांडा ओलांडून उजवीकडे जाते, लांब ‘एस’ला ती फक्त डावीकडे, तीही जेमतेम असते, नाहीतर नसतेच. स्कॅन केलेल्या पुस्तकाचा मजकूर संगणकाने वाचलेला असेल तर ‘बेस्ट’चा ‘बेफ्ट’ आणि ‘सच’चा ‘फच’ झालेला असतो. असा अर्थहीन शब्द दिसला की मजकूर सोडून पानाचे मूळ चित्र उघडा. जुन्या शब्दाचा वापर कधी वाढला, कधी घटला याचे आलेख देणारी साधने वापरतानाही ही चूक लक्षात ठेवायला हवी.

दुसरी भानगड ‘यू’ आणि ‘व्ही’ची. सतराव्या शतकाच्या पहिल्या तीसेक वर्षांपर्यंत उच्चार कोणताही असो, शब्दाच्या आरंभी ‘व्ही’ आणि मध्ये ‘यू’ छापायची रीत होती. म्हणून ‘अपॉन’ हा ‘व्ही’ने सुरू होतो आणि ‘हॅव’च्या पोटात ‘यू’ बसलेला असतो. ‘आय’ आणि ‘जे’ यांचेही तसेच. ‘जॉय’ हा ‘आय’ने लिहिलेला सापडतो.

तिसरी गोष्ट ‘वाय’ची. हस्तलिखितांत आणि जुन्या छपाईत ‘वाय’ला चिकटून वर बारीक ‘ई’ काढलेला दिसला तर तो शब्द ‘यी’ नाही, तो ‘द’ आहे. ‘थ’ या उच्चारासाठी इंग्रजीत पूर्वी थॉर्न नावाचे वेगळे अक्षर होते. लेखणीखाली घासत घासत ते ‘वाय’सारखे दिसू लागले. ‘वाय’वर ‘टी’ असेल तर ‘दॅट’. त्यामुळे ‘यी ओल्ड’ असे मिरवणारी हॉटेलची पाटीसुद्धा ‘द ओल्ड’ अशीच वाचायची.

स्पेलिंग स्थिर नव्हते हे तर आहेच. एकाच पत्रात एकच शब्द तीन तऱ्हांनी येतो. शेवटचा जास्तीचा ‘ई’ काढा, दुहेरी व्यंजन एकेरी करा, ‘आय’च्या जागी ‘वाय’ घालून पाहा आणि शब्द मोठ्याने म्हणा. बहुतेक वेळा तो कानाला लगेच ओळखू येतो.

पायरी तिसरी: मूळ रूपावर या

कोशात मूळ शब्द असतो, पुस्तकात त्याचे रूप असते. इथे मराठी माणसाचे काम इंग्रजांपेक्षा सोपे आहे. ‘दाऊ’ म्हणजे ‘तू’ आणि ‘यू’ म्हणजे ‘तुम्ही’, मग ते अनेकवचनी असो वा आदरार्थी. ‘दी’ म्हणजे ‘तुला’ किंवा ‘तुझ्या-’, ‘दाय’ म्हणजे ‘तुझा’, आणि पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर तोच ‘दाइन’. नाटकातले पात्र मध्येच ‘यू’वरून ‘दाऊ’वर आले तर तिथे काहीतरी घडले आहे असे समजा. माया दाटून आली असेल, नाहीतर अपमान करायचा असेल. अहो-जाहो सोडून अरे-तुरेवर येण्यात काय असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. १६११ च्या बायबलात मात्र आदराचा हा भेद नाही. तिथे ‘दाऊ’ म्हणजे नुसते एकवचन, देवालाही आणि चोरालाही.

क्रियापदाला ‘-एस्ट’ लागला की कर्ता ‘दाऊ’. ‘-एथ’ लागला की कर्ता ‘तो, ती, ते’. ‘हॅथ’ म्हणजे ‘हॅज’, ‘डथ’ म्हणजे ‘डझ’. ‘दाऊ गोएथ’ हे जुने इंग्रजी नव्हे, तो हल्लीच्या लेखकाचा अडाणीपणा आहे. जुन्या दस्तांत ‘धिस इंडेंचर विटनेसेथ’ हे रूप टिकून राहिले, जसे आपल्या खरेदीखतात ‘लिहून देतो ऐसा जे’ टिकले.

भूतकाळाची रूपे जास्त छळतात. ‘रॉट’ हा ‘वर्क’चा भूतकाळ, ‘डर्स्ट’ हा ‘डेअर’चा, ‘होल्प’ हा ‘हेल्प’चा, ‘स्पेक’ हा ‘स्पीक’चा, ‘विस्ट’ म्हणजे ‘माहीत होते’. ‘क्वोथ’ म्हणजे ‘म्हणाला’, आणि त्याचा कर्ता नेहमी मागून येतो. ‘मीथिंक्स’ तेवढा मराठीत जसाच्या तसा बसतो: ‘मला वाटते’. इंग्रज विद्यार्थ्याला ‘आय’च्या जागी ‘मी’ का, हे समजावून सांगावे लागते, आपल्याला नाही.

दिशेचे नऊ शब्द एकदम शिकून घ्या. ‘हिअर, देअर, व्हेअर’ म्हणजे इथे, तिथे, कुठे. ‘हिदर, दिदर, व्हिदर’ म्हणजे इकडे, तिकडे, कुणीकडे. ‘हेन्स, देन्स, व्हेन्स’ म्हणजे इथून, तिथून, कुठून. याच घरातला ‘व्हेअरफोर’ मात्र ‘कुठे’ नव्हे. तो ‘का’, आणि त्याचे उत्तर ‘देअरफोर’, म्हणजे ‘म्हणून’. सज्जातली ज्युलिएट रोमिओला शोधत नसते. तू नेमका रोमिओच का, हा तिचा प्रश्न असतो.

कायद्याच्या इंग्रजीत हेच शब्द पुन्हा भेटतात. तिथे ‘हिअर’ म्हणजे ‘हा दस्त’, ‘देअर’ म्हणजे ‘आधी सांगितलेली गोष्ट’ आणि ‘व्हेअर’ म्हणजे ‘जी’. एवढे धरले की ‘हिअरबाय’ (याद्वारे), ‘देअरऑफ’ (त्याचा), ‘व्हेअरइन’ (ज्यात) अशी सगळी रांग सुटते. ‘व्हेअरॲज’ने सुरू झालेले कलम म्हणजे आपले ‘ज्याअर्थी’. त्याचे ‘त्याअर्थी’ कधीकधी दीड पानानंतर येते, ते आधी शोधा आणि मग मधले वाचा.

पायरी चौथी: कोश, आणि कोशातला क्रम

नवशिके सर्वाधिक चुकतात ते इथे. कोशात पहिला दिलेला अर्थ उचलला, की काम फसले. काही कोश आजचा अर्थ आधी देतात, काही सर्वांत जुना. ऑक्सफर्डचे एकखंडी कोश आजचा अर्थ वर ठेवतात. मोठी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी आणि अमेरिकेची मेरिअम-वेब्स्टर हे दोन्ही कोश अर्थ ऐतिहासिक क्रमाने लावतात, जुना वर आणि नवा खाली. तुमच्या कोशाची प्रस्तावना एकदा वाचून तो कोणत्या पंथाचा आहे हे पाहून ठेवा.

मग अर्थापुढच्या खुणा. ‘ऑब्सोलीट’ म्हणजे वापरातून गेलेला, ‘आर्केइक’ म्हणजे आता क्वचित किंवा खास ठिकाणीच येणारा. मेरिअम-वेब्स्टरने यासाठी पक्की रेघ मारली आहे: १७५५ नंतर वापराचा पुरावा नसेल तरच ‘ऑब्सोलीट’. हे साल डॉ. जॉन्सनच्या कोशाचे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात मृत शब्दापुढे खंजिराची खूण असते. ‘हिस्टॉरिकल’ ही खूण वेगळी. तिथे शब्द मेलेला नसतो, वस्तू गेलेली असते. ‘फार्दिंग’ हे नाणे तसले. ‘डायलेक्ट’ असेल तर शब्द एखाद्या परगण्यात आजही जिवंत असू शकतो, आणि त्यासाठी जोसेफ राइटचा १८९८ ते १९०५ मध्ये निघालेला सहा खंडांचा बोलीकोश पाहायचा.

कोणता कोश कशाला? अठराव्या शतकातल्या मजकुराला जॉन्सनचा १७५५ चा कोश. त्यात सुमारे ४२,००० शब्द आहेत आणि त्या काळच्या वाचकाला शब्दाचा काय अर्थ लागत होता हे तिथे थेट कळते. शेक्सपिअरसाठी अलेक्झांडर श्मिट या जर्मन अभ्यासकाचा १८७४-७५ चा कोश. प्रत्येक शब्द कोणत्या नाटकात, कोणत्या ओळीत, कोणत्या अर्थाने आला ते तो सांगतो. अमेरिकन मजकुराला नोआ वेब्स्टरचा १८२८ चा कोश. हे सगळे इंटरनेटवर फुकट वाचता येतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाला वर्गणी लागते, पण त्याची १८८४ ते १९२८ दरम्यान निघालेली पहिली आवृत्ती स्कॅन रूपात उपलब्ध आहे आणि जुन्या शब्दांसाठी तीच नव्वद टक्के काम भागवते.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीसाठी मराठी वाचकाच्या हाती आणखी एक चीज आहे, ती फारसे कुणी वापरत नाही. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. इंग्रजी शब्दाला त्या काळच्या मराठीत काय म्हणत, ते तिथे सापडते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो, आणि त्यात उलटा शोधही चालतो. जुना इंग्रजी शब्द टाका, तो ज्या ज्या मराठी शब्दांच्या अर्थात आला आहे त्या नोंदी समोर येतात. शेती, गुरे, दागिने, आजार यांच्या शब्दांना याच्या तोडीचे दुसरे साधन नाही.

पायरी पाचवी: ओळखीचे चेहरे, वेगळी माणसे

ही यादी एका बैठकीत पाठ होणार नाही, पण वाचून ठेवली तर संशय घ्यायची सवय लागते.

‘लेट’ या एका रूपात दोन उलटे शब्द आहेत. एक ‘करू देणे’, दुसरा ‘अडवणे’. टेनिसच्या सर्व्हिसला ‘लेट’ म्हणतात तिथे, आणि ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ या पासपोर्टवरच्या वाक्यांशात, हा दुसरा शब्द शिल्लक आहे. ‘सफर’ म्हणजे ‘सोसणे’ आणि ‘होऊ देणे’. बायबलातल्या ‘सफर लिट्ल चिल्ड्रन’ या वाक्यात कुणाचेही हाल होत नाहीत, बालकांना येऊ द्या एवढेच सांगितले आहे. ‘प्रिव्हेंट’ म्हणजे आधी जाणे, पुढे होऊन गाठणे. ‘डिस्कव्हर’ म्हणजे शोधणे नव्हे, उघड करणे. ‘वॉन्ट’ म्हणजे इच्छा नव्हे, उणीव. ‘कॉन्व्हर्सेशन’ म्हणजे गप्पा नव्हेत, वर्तन. ‘क्विक’ म्हणजे जिवंत. ‘फाँड’ म्हणजे खुळा. ‘नॉटी’ म्हणजे खट्याळ नव्हे, चांगलाच दुष्ट. ‘स्टिल’ म्हणजे सतत. ‘अ‍ॅन’ हा कधीकधी ‘जर’ असतो.

‘मीट’ म्हणजे कोणतेही अन्न. मिठाईच्या दुकानावर ‘स्वीटमीट’ लिहिलेले आजही दिसते, ते याच जुन्या अर्थाने. ‘कॉर्न’ म्हणजे धान्य, जिथे जे पिकते ते. मक्याला गॅझेटिअरवाले ‘इंडियन कॉर्न’ म्हणतात. ‘काइन’ म्हणजे गाई, आणि ‘नीट’ म्हणजे गुरेढोरे.

‘प्रेझेंटली’, ‘अ‍ॅनॉन’ आणि ‘बाय अँड बाय’ या तिघांचाही मूळ अर्थ ‘ताबडतोब’, आणि तिघेही घसरून ‘थोड्या वेळाने’वर आले. ‘आलोच’ म्हणून गेलेला माणूस केव्हा येतो हे ठाऊक असणाऱ्याला यात नवल वाटू नये. सतराव्या शतकातला मजकूर असेल तर आधी ‘ताबडतोब’ लावून पाहा.

नात्यांचे शब्द मृत्युपत्रे आणि शिलालेख वाचणाऱ्यांना फार गोत्यात आणतात. ‘कझिन’ म्हणजे जवळपास कोणताही नातेवाईक. ‘नेफ्यू’ हा जुन्या मजकुरात नातूही असतो. ‘मदर-इन-लॉ’ सासू असेल किंवा सावत्र आई. ‘नॅचरल सन’ अठराव्या-एकोणिसाव्या शतकात बहुधा अनौरस मुलगा. ‘रेलिक्ट’ म्हणजे विधवा. मुंबईच्या फोर्टमधले सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ साली उघडले. तिथल्यासारख्या जुन्या चर्चमधल्या शिळा वाचताना हे शब्द जवळ ठेवा. ‘एटाटिस’ किंवा तोडून ‘एटाट’ असे दिसले तर तो लॅटिन शब्द, म्हणजे ‘वयाच्या’, आणि पुढचा आकडा वयाचा.

एक वाक्य सोडवून पाहू

सरावासाठी जुळवलेले हे वाक्य घ्या: ‘द फॅक्टर्स, बीइंग लेट बाय द रेन्स, वेअर सफर्ड टु लाय अ सेनाइट ॲट द चोकी, अँड प्रेझेंटली सेंट अ पिऑन टु डिस्कव्हर देअर वॉन्ट ऑफ कॉर्न.’

आजच्या अर्थाने वाचले तर कुणालातरी पाऊस परवानगी देतो, मग त्यांना त्रास होतो, ते खोटे बोलतात आणि मका शोधायला शिपाई धाडतात. एकही शब्द अनोळखी नाही, फार तर ‘सेनाइट’. आता साल धरा, १६७०. ‘फॅक्टर’ म्हणजे कंपनीचा वखारीतला व्यापारी नोकर. ‘लेट’च्या मागे ‘बीइंग’ आणि पुढे ‘बाय’ आहे, म्हणजे कर्मणी; पाऊस काही करू देत नसतो, तेव्हा ‘अडवलेले’. ‘सफर्ड टु’ असे क्रियापद पुढे आले की ‘करू दिले’. ‘लाय’ म्हणजे मुक्काम. ‘सेनाइट’ म्हणजे सात रात्री, आठवडा. चौदा रात्रींचा ‘फोर्टनाइट’ अजून चालतो, हा गेला. ‘चोकी’ आपली चौकी, जकातीची किंवा पहाऱ्याची. पूर्ण वाक्य असे: पावसाने अडकलेल्या वखारवाल्यांना चौकीवर आठवडाभर मुक्काम करू दिला, आणि धान्य संपल्याचे कळवायला त्यांनी लगोलग शिपाई पाठवला.

शेवटी उलटतपासणी करायची. प्रत्येक नवा अर्थ मूळ जागी ठेवून वाक्य पुन्हा म्हणा. व्याकरण बसते का, आणि मागचे-पुढचे वाक्य त्याला धरून आहे का? एक जरी जागा खटकली तर दुसरा अर्थ पाहा. दोन अर्थ सारखेच बसत असतील तर दोन्ही टिपून ठेवा, घाईने एकावर शिक्का मारू नका.

आपलेच शब्द, इंग्रजी कपड्यांत

कंपनीच्या कागदांत न कळणारा शब्द अनेकदा इंग्रजी नसतोच. ‘शिवाजी’चे स्पेलिंग ‘सेवाजी’ होते, वसई ‘बॅसीन’, साष्टी ‘साल्सेट’, चुना ‘चुनम’, सराफ ‘श्रॉफ’, भत्ता ‘बट्टा’. यासाठी यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६, वाढवलेली आवृत्ती १९०३) आणि महसुली शब्दांसाठी विल्सनची १८५५ ची शब्दसूची. ‘टोप’ म्हणजे आमराई किंवा झाडांची राई. ‘टँक’ म्हणजे तळे. ‘बनियन’ म्हणजे वाणी-व्यापारी. अंगात घालायचा तो नंतरचा. ‘रायटर’ म्हणजे लेखक नव्हे, कंपनीचा सर्वांत खालचा कारकून. ‘ग्रिफिन’ म्हणजे हिंदुस्थानात नुकताच उतरलेला नवखा साहेब.

काही शब्दांनी तर दुहेरी सोंग घेतले आहे. जुन्या प्रवासवर्णनांत पटकीसाठी ‘मॉर्ट-द-शिअँ’ असा फ्रेंच शब्द येतो, शब्दशः ‘कुत्र्याचे मरण’. मुळात ती आपली मोडशी. कोकणी-मराठीतला शब्द पोर्तुगीजांनी ‘मोर्देशिम’ केला आणि फ्रेंचांनी त्याला आपल्या भाषेत अर्थ चिकटवला. गार्सिया द ऑर्ता या वैद्याने गोव्यात १५६३ साली छापलेल्या ग्रंथात या रोगाचे देशी नाव नोंदवले आहे.

बाकीच्या आजारांपैकी हे लक्षात असू द्या: ‘एग्यू’ म्हणजे थंडी वाजून येणारा ताप, बहुधा हिवताप, ‘ब्लडी फ्लक्स’ म्हणजे रक्ताची हगवण, ‘कन्झम्प्शन’ म्हणजे क्षय, ‘ड्रॉप्सी’ म्हणजे अंगात पाणी साठून येणारी सूज, ‘किंग्ज ईव्हिल’ म्हणजे गंडमाळा, ‘द स्टोन’ म्हणजे मुतखडा, ‘मॉर्टिफिकेशन’ म्हणजे अवयव सडणे. ही लक्षणांची नावे आहेत, आजच्या निदानाची नव्हेत. ‘एग्यू’ दिसला की डोळे मिटून मलेरिया लिहू नका.

मापांत आकड्यांच्या चुका होतात, म्हणून इथे घाई नको. ‘स्कोर’ म्हणजे वीस, आपली कोडी. ‘थ्रीस्कोर अँड टेन’ म्हणजे सत्तर. ‘स्पॅन’ म्हणजे वीत, ९ इंच. ‘क्युबिट’ म्हणजे हात. ‘फॅदम’ म्हणजे वाव, ६ फूट. ‘फर्लाँग’ म्हणजे २२० यार्ड, मैलाचा आठवा भाग. ‘स्टोन’ म्हणजे १४ पौंड. ‘हंड्रेडवेट’ म्हणजे १०० नव्हे, ११२ पौंड. ‘माउंड’ म्हणजे मण, पण कुठला? मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांहून थोडा जास्त. ‘कँडी’ म्हणजे खडीसाखर नव्हे, खंडी; मुंबईची खंडी २० मणांची, ५६० पौंड. गाव कळल्याशिवाय मणाचे किलो करू नका.

‘दुर्मीळ शब्दां’च्या याद्या

इंटरनेटवर ‘विसरलेले शंभर इंग्रजी शब्द’ अशा याद्या फिरत असतात. त्यांतले काही शब्द कुणी कधी बोललेच नाहीत. सतराव्या शतकातल्या कोशकारांनी पाने भरायला लॅटिनवरून शब्द घडवले, पुढच्यांनी ते उतरवून घेतले, आणि आज ते ‘हरवलेले सुंदर शब्द’ म्हणून मिरवतात. नुसत्या चुकीतूनही शब्द जन्मतात. वेब्स्टरच्या १९३४ च्या मोठ्या कोशात ‘डॉर्ड’ हा शब्द ‘घनता’ या अर्थाने छापला गेला. घनतेचे संक्षिप्त रूप मोठ्या किंवा लहान ‘डी’ने लिहितात, अशी चिठ्ठी होती, ‘डी ऑर डी’ हे सलग वाचले गेले आणि शब्द तयार झाला. १९३९ मध्ये एका संपादकाच्या लक्षात येईपर्यंत तो सुखाने नांदत होता.

म्हणून यादीतला शब्द आवडला तरी मोठ्या कोशात त्याची उदाहरणे पाहा. किमान दोन वेगवेगळ्या लेखकांची, कोशाबाहेरची वाक्ये दिलेली असतील तर शब्द खरा. नुसते दुसऱ्या कोशांचे दाखले असतील तर सोडून द्या. उलट काही जुने शब्द आपल्याकडेच नांदताहेत. गाडीच्या मागच्या कप्प्याला ‘डिकी’ आणि जादा चाकाला ‘स्टेपनी’ आपण रोज म्हणतो. पहिला जुन्या मोटारींच्या मागच्या उघड्या बैठकीचे नाव, दुसरा वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून नाव पडलेल्या जादा चाकाचा.

वही कशी ठेवायची

एका शब्दाला एक ओळ नको, अर्धे पान द्या. पुस्तकात जसा होता तसा शब्द, मूळ रूप, मजकुराचे साल, पूर्ण वाक्य, कोशाचे नाव आणि त्यातल्या अर्थाचा क्रमांक, आणि शेवटी मराठी. वाक्य उतरवायचा कंटाळा करू नका; वाक्याविना टिपलेला अर्थ सहा महिन्यांनी निरुपयोगी ठरतो. मराठीही शक्यतो त्याच काळाचे निवडा. ‘फॅक्टरी’ला ‘कारखाना’ न लिहिता ‘वखार’ लिहिले की पुढच्या चार ओळी आपोआप सुटतात. ज्या शब्दाचा अर्थ लागला नाही तोही वहीत घ्या, समोर प्रश्नचिन्ह टाका आणि वाचत राहा. एकाच लेखकाच्या लिखाणात तो तिसऱ्यांदा भेटतो तेव्हा आजूबाजूची वाक्येच बहुधा अर्थ सांगून मोकळी होतात.